पाटी, परमिट आणि पाइप: घर-जमिनीचे तुमचे प्रश्न

वॉशिंग्टनलगतच्या व्हर्जिनिया आणि मेरीलंडमधल्या काउंट्यांतून (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आलेले हे प्रश्न आहेत. न्यू जर्सीत झोनिंग, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचे नियम, काउंटीच्या नव्हे, टाउनशिपच्या हाती असतं, त्यामुळे एडिसनकरांनी ही उत्तरं जशीच्या तशी लावू नयेत.

प्रश्न : अ‍ॅशबर्नमध्ये आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर सुनावणीची पाटी लागली आहे. डेटा सेंटर, म्हणजे हजारो सर्व्हरची इमारत, येणार म्हणतात. शंभर सह्यांचं निवेदन द्यायचं ठरलंय. उपयोग होईल?

निवेदन जरूर द्या, पण त्यावर विसंबू नका. पाटी लागली आहे म्हणजे निर्णय अजून व्हायचा आहे, ही तुमची जमेची बाजू. तुमच्या लाऊडन काउंटीत मार्च २०२५ पर्यंत काही झोनमध्ये डेटा सेंटर हा जमीनमालकाचा सरळ हक्कच होता. नकाशे नियमात बसले की काम सुरू, शेजाऱ्यांना विचारायची गरज नव्हती. सुपरवायझर मंडळाने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांनी, तो हक्क काढला. आता विशेष परवानगी लागते, म्हणजे जनसुनावणी आली.

आधी प्लॅनिंग कमिशन बसतं, पण त्याची फक्त शिफारस असते. मत देतात ते नऊ सुपरवायझर: आठ विभागांचे आठ आणि सगळ्या काउंटीतून निवडून आलेले अध्यक्ष. तुमच्या विभागाच्या सुपरवायझरला सुनावणीच्या आधी भेटा. सुनावणीच्या रात्री माइकवर मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत फारशी मतं बदलत नाहीत.

आणि भेटायला जाताना ‘आम्हाला नको’ एवढंच घेऊन जाऊ नका. जनरेटरची चाचणी कोणत्या वेळेत घेणार? कुंपणाशी आवाज किती डेसिबल? इमारतीची उंची किती, मध्ये झाडांचा पट्टा किती फूट, सबस्टेशन कुठे? अशा अटी परवानगीत लेखी आल्या तर त्या जमिनीला चिकटतात, उद्या मालक बदलला तरी सुटत नाहीत. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

जाहिरात आणि नोटीस यांच्या तारखाही तपासा. कंटाळवाणं काम आहे, पण कोर्टात बहुधा तेच टिकतं. फेअरफॅक्सने मार्च २०२१ मध्ये नवं झोनिंग ऑनलाइन बैठकीत मंजूर केलं. तशा बैठकीतली मंजुरी कायद्यात बसत नाही म्हणून व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते रद्द ठरवलं आणि काउंटीला पुन्हा मंजुरी घ्यावी लागली. प्रिन्स विल्यम काउंटीतल्या डेटा सेंटरच्या भल्यामोठ्या प्रकल्पाला डिसेंबर २०२३ मध्ये चोवीस तासांहून जास्त चाललेल्या सुनावणीनंतर होकार मिळाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट कोर्टाने तो रद्दबातल केला, कारण सुनावणीची जाहिरात कायद्याप्रमाणे दिलेली नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं. दोन्हीकडे मुद्दा आवाजाचा किंवा गर्दीचा नव्हता, कार्यपद्धतीचा होता.

प्रश्न : फेअरफॅक्समध्ये आमचं घर आहे. आई-बाबा आता कायमचे इकडे आलेत. बेसमेंटमध्ये त्यांच्यासाठी खोली, बाथरूम, छोटं स्वयंपाकघर करायचंय. ओळखीचा कंत्राटदार म्हणतो, परमिट कशाला, कोण बघतंय?

घर विकताना बघतात, आणि आग लागली तर विमा कंपनी बघते. कंत्राटदार तोवर फोन उचलत नसतो.

फेअरफॅक्समध्ये घराच्या आतच स्वतंत्र स्वयंपाकघरासह वेगळा भाग करायला आता सुनावणी लागत नाही, कार्यालयीन परवानगीवर काम होतं. मालक त्याच घरात राहिला पाहिजे. पूर्वी त्या भागात ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्तीच राहिली पाहिजे अशी अट होती, ती गेली. एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर त्यांची नियमावली वेगळी. काउंटीच्या होकाराने एचओए बांधली जात नाही.

झोपायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी हवीच. उघडल्यावर मोकळी जागा सहसा किमान ५.७ चौरस फूट, खालची कड खोलीच्या फरशीपासून ४४ इंचांहून वर नको. हा राज्याच्या बिल्डिंग कोडचा नियम आहे, काउंटीत कुणाला भेटून सवलत मिळणार नाही. मला विचाराल तर सत्तरीतल्या माणसाने खिडकीतून चढून बाहेर पडावं ही कल्पनाच पटत नाही. थेट अंगणात उघडणारं दार शक्य असेल तर खर्च तिथे करा.

प्रश्न : परसेलविलजवळ चार एकरांत पाच बेडरूमचं घर आवडलंय. विहीर आणि सेप्टिक आहे. काय तपासावं?

सेप्टिक म्हणजे सांडपाणी टाकीतून आपल्याच जमिनीत मुरवायची सोय. सगळ्यात आधी आरोग्य खात्याकडून तिचं परमिट मागवा आणि त्यावर बेडरूम किती लिहिल्यात ते पाहा. व्हर्जिनियात सेप्टिकची क्षमता बेडरूममागे दिवसाला १५० गॅलन धरतात. जाहिरातीत पाच बेडरूम आणि परमिट तीन बेडरूमचं, म्हणजे ४५० गॅलनचं, हा प्रकार सर्रास चालतो. नंतर वाढवता येईल असं रिअल्टर (घरांचा दलाल) म्हणेल. जमीन पाणी शोषत नसेल तर चार एकर असून उपयोग नाही.

सेप्टिक साधी आहे की ‘पर्यायी’, म्हणजे सांडपाण्यावर जास्तीची प्रक्रिया करणाऱ्या प्रकारची? पर्यायी असेल तर दरवर्षी परवानाधारकाकडून तपासणी सक्तीची असते, मागचे अहवाल मागा.

विहिरीचं पाणी सरकार तपासत नाही. सुरक्षित पेयजलाचा संघीय कायदा खासगी विहिरींना लागूच नाही, जबाबदारी पूर्ण तुमची. खरेदीआधी कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण असलेले जिवाणू) आणि नायट्रेट तपासा, दर मिनिटाला किती पाणी येतं तेही मोजून घ्या, आणि राहायला गेल्यावर जिवाणू-नायट्रेटची चाचणी दरवर्षी करा. घरात तान्हं बाळ असेल तर नायट्रेटकडे विशेष लक्ष द्या.

प्रश्न : आमच्या नळजोडणीचा धातू ‘अज्ञात’ असल्याचं पाणीपुरवठा कंपनीचं पत्र आलंय. घर २००४ चं आहे.

घाबरू नका. शिशाच्या नळ्यांवर १९८६ मध्येच बंदी आली. नळजोडण्यांची यादी करणं ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचं झालं, नोंद सापडली नाही की असं पत्र जातं. नळी घरात शिरते तिथला फोटो काढून पाठवा. जुन्या घरांत राहणाऱ्यांसाठी एवढंच, की पाणी उकळून शिसं जात नाही.

प्रश्न : मेरीलंडमधल्या माँटगोमरी काउंटीत मंडळाला तीस एकर शेतजमीन स्वस्तात मिळतेय. पुढे गणपती मंदिर आणि सभागृह बांधायचा विचार आहे.

ती स्वस्त का आहे ते आधी विचारा. बहुधा ती १९८० सालच्या कृषी राखीव क्षेत्रात असेल. सुमारे ९३,००० एकरांच्या त्या पट्ट्यात २५ एकरांना एक घर एवढंच बांधता येतं. मूळ मालकाने बांधकामाचे हक्क आधीच विकलेले असू शकतात. तसं असेल तर जमिनीवर कायमचा बोजा, म्हणजे बांधकामाचं बंधन, असतो. वकिलाला तोच प्रश्न पहिला विचारायला सांगा.

बोजा नसला तरी ड्रेनेज लाइन तिथे पोचलेली नसते आणि ती न्यायची की नाही हे काउंटी कौन्सिल ठरवतं. सेप्टिकवर भागवायचं म्हटलं तर मंदिरात माणसं किती मावतील हे मातीच ठरवेल, आणि महाप्रसादाच्या दिवशीची गर्दी तुम्हाला माहीत आहेच. इथल्याच एका चर्चने २००४ मध्ये ११९ एकर घेतले, ड्रेनेजची जोडणी नाकारली गेली, पुढे नियमही बदलले. २००० च्या संघीय कायद्याने धर्मस्थळांना संरक्षण आहे, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने चर्चच्या बाजूने कौल दिला. पण तोही खटला पुढे चालवण्यापुरता. नऊ वर्षं गेली. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला हे झेपणार नाही.

जर्मनटाउन-गेदर्सबर्गकडे, जिथे पाणी आणि ड्रेनेज दोन्ही आहे, तिथे एखादी जुनी ऑफिस इमारत बघा. वापर बदलायची परवानगी, पार्किंग आणि स्प्रिंक्लर यांचा खर्च आधी काढून घ्या, आणि इसारा देताना परवानगी न मिळाल्यास पैसे परत, ही अट करारात घाला.