दुधासमोरच उभी होती, तरी उतू गेलं

"मॅडम, मला तो विसरायचा आजार तर नाही ना लागला?" मी समुपदेशक, आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. विचारणाऱ्या बहुतेक पंचेचाळीस ते साठच्या मधल्या बायका, आणि यादी पण जवळपास तीच. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, चष्मा डोक्यावर आणि घरभर शोधाशोध, गॅस बंद केला की नाही हे बर्डीच्या बाजारात पोचल्यावर मनात आलं न तिथूनच ऑटो परत फिरवला. आणि आपल्या नागपूरचा उन्हाळ्यातला खास प्रकार म्हणजे कूलरमध्ये पाण्याचा पाइप सोडायचा न दुसऱ्या कामाला लागायचं, मग हॉलमध्ये तळं आणि घरच्यांची बोलणी.

म्हणून एका ताईंबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

बावन्न वर्षांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पर्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. दोन महिन्यांत काय काय विसरलं ते सगळं त्यात लिहिलेलं, तारीख आणि वेळेसकट. "मी तर कामातून गेली जी मॅडम, काहीच ध्यानात राहून नाही राहिलं."

मी आधी डॉक्टरांकडे पाठवलं, ते मी नेहमीच करते, कारण बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी असेल, थायरॉइड बिघडलेला असेल, पाळी जायच्या काळात झोप उडालेली असेल किंवा सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या रोज चालू असतील तर विसराळूपणा वाढतो, आणि तिथे माझ्याशी नुसतं बोलून काही होत नाही. ताईंचं बी-ट्वेल्व्ह कमीच निघालं, औषध सुरू झालं. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची तपासणी केली, ती व्यवस्थित होती. पण भीती तसूभरही हलली नाही.

एका भेटीत मी विचारलं, "दहाच्या नव्या नोटेच्या मागे कसलं चित्र आहे?"

"गांधीजी."

"ते पुढे. मागे?"

खूप आठवून पाहिलं त्यांनी, नाही सांगता आलं. कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. रोज भाजीवाल्याला ती नोट देतो पण त्या चाकावर लक्ष कधी दिलेलंच नसतं, तर मग ते आठवणार कुठून? हे मी त्यांना नीट समजावलं. किल्ली ठेवताना हात किल्लीवर असतो आणि मन मुलाच्या फोनवर, म्हणजे ती आठवण आत गेलीच नाही. जे आत गेलं नाही ते विसरलं कसं म्हणायचं? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो की कशाला आलो तेच आठवत नाही, त्यावर तर अमेरिकेत रॅडव्हान्स्की नावाच्या संशोधकाने प्रयोग केलेत. २०११ च्या त्याच्या अभ्यासात दिसलं की तेवढंच अंतर एकाच खोलीत चाललं तर लोक कमी विसरतात, दार ओलांडलं की जास्त. आणि ती कॉलेजची तरुण मुलं होती.

ताईंना पटलं. पण पुढच्या भेटीत वहीत अजून चार नोंदी.

मी वही परत चाळली. पाच ठिकाणी दूध उतू गेलं होतं. सहज विचारलं, "दूध ठेवून तुम्ही कुठे जाता?"

"कुठे नाही जात. ओट्याशीच उभी राहते. आता तर हलतच नाही तिथून."

"समोर उभं राहून उतू जातं?"

"हो ना जी. तेच तर!"

"ताई, दूध वर येत असते तेव्हा तुम्ही कुठे असता?"

हा प्रश्न मी कोणत्या पुस्तकातून घेतला नव्हता, तो त्या क्षणी सुचला आणि आजही मला वाटतं की योग्य वेळी सुचला. बराच वेळ त्या पंख्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "वर्ध्याला. आईच्या स्वयंपाकघरात."

त्यांच्या आईला शेवटची सहा वर्षं डिमेन्शिया होता, म्हणजे तोच विसरायचा आजार. सुरुवात अशीच, गॅसवर रिकामं पातेलं ठेवून. तेव्हा ताई आईवर ओरडायच्या. आता दूध ठेवलं की डोळ्यासमोर तेच पातेलं, आणि मनात एकच, माझं पण असंच होणार. दुधाकडे डोळे होते, लक्ष सगळं त्या भीतीने खाऊन टाकलेलं.

त्या दिवशी त्या आईबद्दल तासभर बोलल्या, रडल्या. मी फार काही बोलले नाही.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारावर काम करणारी. १९५५ पासून त्यांनी जे मांडलं आणि आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके सरांनी ज्याच्यासाठी आयुष्य दिलं, ते माझ्या कामाचा पाया आहे. दूध उतू गेलं ही घटना. 'मी आईच्या वाटेवर आहे' हा तिला आपण लावलेला अर्थ, आणि छळतो तो अर्थच. आईला झालं तर मुलीचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे, ते मी लपवलं नाही. पण होणारच असं नाही, आणि वही तर उलटंच सांगत होती. मी म्हटलं, "ताई, आईने कधी अशी वही लिहिली असती का?"

"तिला तर ती विसरते हेच मान्य नव्हतं."

आणि मग त्या स्वतःच वहीकडे बघत राहिल्या.

काळजी कधी करायची ते पण सांगते. रोजच्या रस्त्यावर घर सापडेनासं झालं, वर्षानुवर्षं केलेली पुरणपोळी कशी करायची तेच सुचेना, तोच प्रश्न दहा मिनिटांत तीनदा विचारला आणि विचारल्याचं भान नाही, पैशांचे हिशेब अचानक जमेनासे झाले, आणि हे सगळं तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त दिसतंय, तर थांबू नका, न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. किल्ली कुठे ठेवली हे विसरणं वेगळं आणि किल्ली कशासाठी असते हे न कळणं वेगळं.

बाकीच्यांनी लक्षाची सोय करावी. गॅस बंद करताना मोठ्याने म्हणा, "गॅस बंद केला", आपलाच आवाज रस्त्यात आठवतो. किल्लीला एकच खिळा. कूलरचा पाइप सोडला की मोबाइलला लगेच दहा मिनिटांचा अलार्म, 'लक्षात ठेवीन' म्हणून नाही. सकाळच्या धावपळीत दूध तापवू नका, कारण ताईंच्या वहीतल्या बहुतेक नोंदी सकाळी सात ते साडेआठच्या होत्या, जेव्हा डबे, नळ आणि नवऱ्याच्या हाका एकाच वेळी चालू असतात. आणि गॅसचा वास आलाच तर विजेच्या बटणांना हात लावू नका, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन.

घरच्यांनाही माझं सांगणं आहे, 'तुझं लक्षच नसते' हे वाक्य बंद करा. त्याने लक्ष येत नाही, धास्ती येते.

ताई आता दूध रात्री, सगळं आवरल्यावर तापवतात. एप्रिलमध्ये भेटायला आल्या तेव्हा वही सोबत होती. शेवटची नोंद फेब्रुवारीतली. त्याच्या पुढच्या पानांवर आईच्या हातच्या सांडग्यांचं, कुरडयांचं प्रमाण लिहिलेलं, आठवेल तसं.