‘रेल्वेत आहे’ याच्या पुढचं वाक्य

ज्याला लोक ‘हलकं काम’ म्हणतात अशा कामांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. ते ते काम नीट माहीत असणाऱ्यांकडून उत्तरं घेतली आहेत. पत्रं थोडी आखडती केली आहेत.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. तीन वर्षांपूर्वी रेल्वेत ट्रॅक मेंटेनर म्हणून लागलो. आधी गँगमध्ये, म्हणजे लाईन दुरुस्त करणाऱ्या टोळीत होतो, दोन महिन्यांपासून कीमनची, म्हणजे ठरलेली लाईन रोज एकट्यानं चालत तपासायची ड्युटी मिळाली आहे. वडील चारचौघांत ‘मुलगा रेल्वेत आहे’ म्हणतात आणि तिथंच थांबतात. मित्र म्हणतो, ‘मजा आहे, रुळावर फिरायचा पगार मिळतो!’ त्याला काय सांगू? आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही पटेल असं या कामात काय आहे?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : मित्राला आधी हिशेब सांगा. नव्या लाईनीत एका किलोमीटरला साधारण १६६० सिमेंटचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे असतात. प्रत्येक स्लीपरवर चार क्लिपा, म्हणजे किलोमीटरला ६,६४० क्लिपा. तुमची बीट, म्हणजे तुमच्या वाट्याची लाईन, सहा किलोमीटरची धरली, तर एकाच लाईनीच्या जवळजवळ चाळीस हजार क्लिपा तुमच्या नजरेखालून जातात. एकेक क्लिप रुळाच्या तळव्यावर साधारण ८५० ते ११०० किलोचा दाब देऊन रूळ धरून ठेवते. एखादी सुटली तर काही होत नाही. एकाच ठिकाणच्या सात-आठ सुटल्या, की रूळ सरकायला मोकळा होतो.

आता तुमच्यासाठी. हे काम ‘फिरणं’ वाटतं ते काय बघायचं हे माहीत नसतं तोवर. गँगमध्ये मेट, म्हणजे टोळीचा मुकादम, सांगेल ते करायचं असतं. कीमन एकटा असतो, काय बघायचं ते त्यानंच ठरवायचं. म्हणून पहिले सहा महिने बीट पाठ करण्यात घाला.

जाताना एका रुळाच्या बाजूनं जा, येताना दुसऱ्या. उभ्यानं बघून भागत नाही. दर काही अंतरावर उकिडवे बसा आणि डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर बघा. उभं राहून जी ओळ सरळ दिसते तिच्यातला बाक खाली बसल्यावर कळतो. बसल्या बसल्या तीन गोष्टी तपासा. रुळाखालचं रबरी पॅड बाहेर सरकलंय का. क्लिप आणि रूळ यांच्यामधला लायनर तुटलाय का. स्लीपरच्या टोकाला खडी घट्ट लागून आहे की मध्ये बोटभर फट पडली आहे. ही फट म्हणजे स्लीपर आडवा हललाय याची खूण, आणि उन्हाळ्यात ती दिसली तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

कारण पोलाद तापलं की लांब होतं. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांवर असलेला रूळ मे महिन्यात दुपारी ६२ अंशांवर गेला असं धरा. मोकळा असता तर किलोमीटरमागे साधारण ५७ सेंटिमीटर वाढला असता. पण तो वेल्ड केलेला सलग रूळ आहे, वाढायला जागाच नाही. हे सगळं वाढणं त्याच्या आत ताण होऊन साठतं आणि त्याला जागेवर धरून ठेवतात त्या तुमच्या क्लिपा आणि बाजूची खडी. खांद्यावरची, म्हणजे स्लीपरच्या टोकांबाहेरची खडी कमी झाली, किंवा भर उन्हात कुणी खडी उकरली, तर सगळा ताण तिथून फुटतो आणि लाईन सापासारखी वळते. त्यालाच बकलिंग म्हणतात. जळगाव-भुसावळचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको.

हिवाळ्यात नेमकं उलटं होतं. पहाटे रूळ आकसतो आणि जिथं कमजोर तिथं तुटतो, बहुतेकदा थर्मिट वेल्डच्या, म्हणजे जागेवरच वितळलेलं पोलाद ओतून केलेल्या जोडाच्या आसपास. तडा पुष्कळदा तळव्याकडून वर चढतो, त्यामुळे वरून रूळ चकचकीत आणि धडधाकट दिसतो. वेल्डपाशी थांबून खाली वाका. बारीक गंजाची रेघ, तांबूस पूड, किंवा एका बाजूला काळपट ओल दिसली तर बोट फिरवा, पुसा, परत बघा. प्रत्येक वेल्डपाशी जेमतेम दहा सेकंद जातात. जे कीमन हे करतात त्यांना आपल्या बीटमधले ‘आजारी’ वेल्ड नावानिशी माहीत असतात.

ते लिहूनही ठेवा. खिशात छोटी वही ठेवून विजेच्या खांबाच्या नंबरासकट नोंद करा : तारीख, वेळ, किलोमीटर आणि खांब, काय दिसलं, काय केलं, कुणाला कळवलं. ‘तिकडे पुलाजवळ’ असं सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही. खांबाचा नंबर सांगितला की एसएसई (सीनियर सेक्शन इंजिनीअर) सुद्धा पेन उघडतो. तीन महिन्यांनी वही चाळली, की एकाच खांबापाशी क्लिपा पुन्हा पुन्हा सुटताना दिसतील. म्हणजे दोष क्लिपेत नाही, खाली पाणी साचतंय किंवा माती खडीत वर येतेय. नुसता क्लिपा ठोकत जाणारा आणि हे ओळखणारा, यांच्यात फरक आहे. खात्याअंतर्गत परीक्षेच्या तोंडी प्रश्नांनाही ही वही गाईडपेक्षा जास्त कामाला येते.

एक गोष्ट कोरडी वाटली तरी घोकून ठेवा. रूळ तुटलेला दिसला तर आधी दुरुस्ती नाही, आधी गाडी थांबवायची. जागेवर लाल झेंडी रोवून, दुसरी दाखवत, गाडी ज्या दिशेनं येणार तिकडे धावायचं. ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा (चाकाखाली फुटून तो ड्रायव्हरला सावध करतो), आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. खडीवरून सव्वा किलोमीटर धावणं म्हणजे काय, हे मित्राला एकदा रविवारी मैदानावर का होईना करून बघायला सांगा. महिन्यातून एकदा तुम्हीही मनातल्या मनात उजळणी करा, कारण खऱ्या वेळी माणूस आधी क्लिपेकडे वाकतो.

आणि स्वतःचा जीव. दुहेरी लाईनवर एका लाईनीनं गाडी आली म्हणून दुसऱ्या लाईनीत जाऊन उभं राहायचं नाही. दोन्ही सोडून कडेला, गाडीकडे तोंड करून उभं राहायचं. कानात इअरफोन नको, धुक्यात तर मुळीच नको. रुळावर जीव गमावलेले ट्रॅकमन थोडेथोडके नाहीत, आणि त्यातले बरेच जुने-जाणते होते.

‘कीमन’ हे नाव कुठून आलं, तेही वडिलांना सांगा. जुन्या स्लीपरांवर रूळ पाचर ठोकून घट्ट करत, तिला ‘की’ म्हणत. रोज ती तपासत, ठोकत जाणारा तो कीमन, आपल्याकडचा चावीवाला. पाचरी गेल्या, नाव राहिलं. ‘रेल्वेत आहे’ याच्या पुढचं वाक्य त्यांना अडतं, कारण ते त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ‘सहा किलोमीटरची लाईन त्याच्याकडे आहे’ हे वाक्य सोपं आहे आणि खरंही आहे.

प्रश्न : मी खासगी हॉस्पिटलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर साफसफाई करते, बारा वर्षं झाली. मुलगी फॉर्मवर आईचा व्यवसाय ‘नोकरी’ एवढंच लिहिते. नवीन सिस्टर आली की पहिल्यांदा मला ओरडते, मग नाव विचारते. कामाचा आनंद वगैरे ठीक आहे, पण फरशी पुसण्यात कसला आलाय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीनं खोटं लिहिलेलं नाही, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

वॉर्डातली फरशी घरच्या फरशीसारखी पुसली तर उपयोग होत नाही. बारा वर्षांत तुमच्या हाताला ते कळलं असेल, फक्त शब्दांत कुणी मांडलं नसेल. वॉर्डात झाडू मारायचा नाही. धूळ उडते आणि जखमांवर बसते. कोरड्या किंवा किंचित ओलसर मॉपनं कचरा ओढायचा, मग साबणाचं पाणी, शेवटी जंतुनाशक. हा क्रम चुकला तर औषध वाया जातं, कारण घाण शिल्लक असली की हायपोक्लोराइटचा (क्लोरीनच्या जंतुनाशकाचा) जोर घाणीवरच संपतो आणि जंतूंपर्यंत काही उरत नाही.

बाटलीवरची टक्केवारी वाचा. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १ टक्का करायला एक लिटरमध्ये चार लिटर पाणी, १० टक्क्यांचं असेल तर नऊ लिटर. ‘एक झाकण टाका’ असं सांगणाऱ्या सुपरवायझरला झाकण किती मिलीचं आणि बादली किती लिटरची, हे नक्की विचारा. मिसळलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, जोर उतरलेला असतो. गरम पाण्यात मिसळायचं नाही. आणि संडास धुण्याच्या ॲसिडसोबत तर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो.

पुसत दाराकडे मागे या. स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे जा, उलटं कधी नाही. फरशीइतकंच महत्त्व पलंगाच्या कठड्याला, सलाईनच्या स्टँडला, लॉकरच्या मुठीला, स्विचला आणि नळाला. रोग तिथून हातोहात फिरतो. रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून आधी टिश्यू किंवा कापूस पसरा, त्यावर १ टक्क्याचं द्रावण ओता, किमान दहा मिनिटं थांबा, मग ते उचलून पिवळ्या पिशवीत. घाई करायला लावणारे दहा जण भेटतील, थांबायचं तुम्हीच.

सुई हातानं उचलू नका. ती न भेदणाऱ्या पांढऱ्या डब्यात जाते. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा, दाबून रक्त काढू नका, लगेच कळवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवं. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेत का, हे आजच बघा. पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

नव्या सिस्टरला पुढच्या वेळी ‘मॅडम, हे पाच टक्क्यांचं आहे, मी एकास चार केलंय’ एवढंच सांगून बघा. सगळ्या जणी बदलतील असं नाही. काही जणी मग आधी नाव विचारतील.

प्रश्न : गरिबाला कामाचा अभिमान शिकवणं तुम्हाला सोपं आहे. आम्हाला हातमोजे मिळत नाहीत, पगार पंधरा तारखेनंतर, सुट्टी मागितली की ‘उद्यापासून येऊ नको’. आधी हे बोला.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : बरोबर आहे. हातमोज्यांच्या जागी अभिमान देणाऱ्या माणसापासून सावध राहावं.

पगाराची पावती मागा, तीही लेखी. तिच्यावर पीएफची कपात दिसते का बघा. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुमच्याकडून आणि तेवढाच वाटा मालकाकडून. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा नंबर घ्या आणि मोबाइलवर पासबुक उघडा. पावतीवर कपात आहे पण पासबुकात जमा नाही, हा प्रकार कंत्राटी कामात नवा नाही, आणि वर्षानं लक्षात येण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात आलेला बरा. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा लागू असेल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत असेल, तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. १५,००० पगारावर तुमच्या खिशातून सव्वाशेपेक्षाही कमी जातात आणि घरच्यांसकट औषधपाणी होतं. कार्ड हातात नसेल तर मागा. हजेरीची तारीखवार नोंद स्वतःजवळ ठेवा, कामगार कार्यालयात तीच विचारतात. एकट्यानं जाऊ नका, चार जणांच्या सह्या घेऊन जा.

आणि काही कामांत अभिमान शोधूच नये. गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. कुणी दोरी बांधून उतरायला सांगितलं तर नाही म्हणायचं. खाली वायू असतो, पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही.

प्रश्न : माझं इस्त्रीचं दुकान आहे. शाळेतल्या वर्गमित्राचे कपडे माझ्याकडेच येतात, सुरुवातीला लाज वाटायची. आता वाटत नाही. पण त्याच्या काळ्या टेरिकॉटच्या पँटीवर चमक येते आणि तो दर वेळी बोलतो, ते मात्र लागतं. काय करू?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : लाज गेली, म्हणजे उरला तो प्रश्न फक्त तापमानाचा. टेरिकॉटमधला कृत्रिम धागा गरम लोखंडाखाली चपटा होतो, आणि चपटा धागा उजेड परतवतो. पँट उलटी करून इस्त्री करा. शिवण, खिसे आणि कमरेजवळ उलटीवरूनही चमक उठते, तिथं मलमलचं ओलसर फडकं मध्ये घाला. इस्त्री घासू नका, ठेवा-उचला, ठेवा-उचला.

आलेली चमक थोडी असेल तर ओल्या फडक्यावरून वाफ द्या आणि कापड गरम असतानाच मऊ ब्रश उलट दिशेनं फिरवा, धागा उभा राहतो. कपभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून फडकं भिजवलं तर जास्त फरक पडतो. धागा वितळलाच असेल तर ती चमक जात नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच दाखवून ठेवा, म्हणजे मागचा डाग तुमच्या नावावर येणार नाही.

पांढऱ्या शर्टावर पिवळट छटा येत असेल तर दोष बहुतेक धुण्याचा, राहिलेला साबण इस्त्रीखाली जळतो. कॉलर आधी आतल्या बाजूनं, टोकाकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे गेलात, की टोकाशी सुरकुती जमते आणि ती नेमकी समोरच्याच्या डोळ्यांसमोर असते.