आठवी ते दहावीच्या शिक्षकांना जीवनकौशल्यांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. दोन दिवसांत नेमकं काय घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावीला शिकवणारे शिक्षक, दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस मोकळे मिळतायत आणि संस्था बाहेरून वक्ता बोलवायला तयार आहे. मोबाइल, रील्स, ताणतणाव, मैत्री-प्रेम या सगळ्यात मुलं सावरून राहावीत म्हणून शिक्षकांना काय शिकवावं?

मी स्वतः माध्यमिकला शिकवतो आणि तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून याच विषयाची प्रशिक्षणं घेत आलोय. पहिलं सांगणं हे की वक्ता बोलवू नका. तो दोन तास हसवेल, एकदा डोळ्यांत पाणी आणेल, टाळ्या घेईल, ग्रुपवर फोटो पडतील. सोमवारी नववी 'ब'च्या तासाला मात्र तुमच्या बाई एकट्याच असतील.

दुसरं, दहा कौशल्यांची पीपीटी दाखवू नका. आपल्याकडे डी.एड., बी.एड. झालेल्या माणसाला दहाच्या याद्या पाठ असतात: अभ्यासक्रमातले दहा गाभाघटक, दहा मूल्यं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं. टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) तयारीत या तिन्ही एकमेकींत मिसळतात तो भाग वेगळा. स्व-जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, संवाद, नातेसंबंध, भावनांना आणि ताणाला सामोरं जाणं, ही यादी चांगलीच आहे. १९९०च्या दशकापासून जगभर वापरली जाते. पण ती शिक्षकाला माहीत नाही म्हणून काही अडलेलं नाही.

अडतं ते मूल खरं बोलल्यानंतर शिक्षकाच्या तोंडून जे पुढचं वाक्य निघतं तिथे. नववीचा वर्ग आहे, विषय 'रागावर नियंत्रण'. सर विचारतात, "राग आला की तुम्ही काय करता?" मागच्या बाकावरचा एक जण म्हणतो, "सर, मी भिंतीवर डोकं आपटतो." वर्ग हसतो. सरही हसून म्हणतात, "मग भिंतीचं काय होत असेल रे!" आणखी हशा. सर वाईट नाहीत, वर्ग हलकाफुलका ठेवायला बघतायत. पण त्या मुलाला आणि त्याच्यासोबत अख्ख्या वर्गाला कळलं की या तासाला काय बोलायचं नसतं. पुढच्या वेळी "दीर्घ श्वास घेतो सर" हे पुस्तकी उत्तर मिळेल, पाठाच्या टाचणात 'उद्दिष्ट साध्य' असं लिहिलं जाईल.

म्हणून माझ्या मते तुमच्या प्रशिक्षणाचा निम्म्याहून जास्त वेळ या एका वाक्याच्या सरावाला द्यावा. तिघातिघांचे गट करा. एक शिक्षक, एक विद्यार्थी, तिसरा नुसता ऐकणारा आणि लिहून घेणारा. प्रसंग आधी चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा. ते तुमच्या गावातलेच हवेत, पुस्तकातले नकोत. मग जागा बदलत बदलत तोच प्रसंग पुन्हा घ्या.

एक प्रसंग मी नेहमी घेतो. नववीतली मुलगी डबा खायच्या सुट्टीत येऊन म्हणते, "बाई, मला बघायला पाहुणे येणारेत." ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या पट्ट्यात हा प्रसंग कुणालाच नवा वाटत नाही. पहिल्या फेरीत बाईंची भूमिका करणाऱ्यांकडून साधारण तीनच उत्तरं येतात. "अगंबाई! तुझं वय काय?" किंवा "थांब, मी तुझ्या वडिलांना फोन करते." किंवा "तू आधी अभ्यासाकडे लक्ष दे." तिन्ही काळजीपोटीच आलेली. तिसऱ्या माणसाने लिहून घेतलेलं वाचून दाखवलं की लक्षात येतं, मुलीने एक वाक्य बोलल्यावर बाई सात-आठ वाक्यं बोलल्या आणि तिला एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या फेरीला एकच अट घालायची: सल्ला द्यायचा नाही, आधी दोन प्रश्न विचारायचे. "कधी येणारेत?" "तुझ्या मनात काय आहे?" साधेच प्रश्न, पण वीस-वीस वर्षं सांगण्याची सवय लागलेल्या माणसाला ते तोंडावर आणायला जड जातं. एकदा एक ज्येष्ठ बाई दोन वेळा सुरुवात करून थांबल्या आणि म्हणाल्या, "प्रश्नच आठवत नाही हो, उपदेशच येतो." सगळे हसले, पण त्या दिवशीचं सगळ्यात नेमकं निरीक्षण त्यांचंच होतं.

प्रश्न विचारून झाले की पुढची माहिती लागतेच. मुलीचं लग्नाचं वय १८, मुलाचं २१, कायदा २००६चा आणि गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी). हे शिक्षकाला माहीत असलंच पाहिजे. फक्त ते मुलीचं ऐकून घेतल्यावर यावं.

इथे कुणीतरी म्हणेलच की आम्ही शिक्षक, समुपदेशक नाही. त्यात तथ्य आहे आणि त्याला आधार देणारा एक अभ्यासही आहे. गोव्यातल्या 'सांगात' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी शाळांत एक मोठा प्रयोग केला, 'सेहर' नावाचा. परिपाठात बोलणं, भित्तिपत्रक, मुलांसाठी पत्रपेटी, गटचर्चा, गरज पडली तर एकेकट्याशी बोलणं असा सगळा कार्यक्रम होता. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, समुपदेशनाचं औपचारिक शिक्षण नसलेल्या पण या कामासाठी तयार केलेल्या माणसाने चालवला. काही शाळांत शाळेतल्याच एका शिक्षकाने. उरलेल्या शाळांत फक्त नेहमीचा किशोरशिक्षणाचा कार्यक्रम होता. निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: नेमलेला माणूस होता तिथे नववीच्या मुलांना शाळेतलं वातावरण बरं वाटू लागलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकाने चालवलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही.

हे वाचून शिक्षकांना नावं ठेवायचं कारण नाही. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक तर शिक्षकाचा दिवस आधीच भरलेला असतो. तासिका, बदली तास, यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, कुठली तरी लिंक आज पाचच्या आत भरा, निवडणुकीचं काम. त्यात ही आणखी एक जबाबदारी वरून टाकली की ती कागदावरच पूर्ण होते. दुसरं, जो माणूस गुण देतो, वर्गात उभं करतो, पालकसभेत वडिलांशी बोलतो, त्याच्याकडे मूल मन मोकळं करताना दहादा विचार करणार. म्हणून तुमच्या दोन दिवसांचं ध्येय छोटं ठेवा. शिक्षकाला समुपदेशक करायचं नाही. मूल बोललं तर ते पुन्हा बोलायला येईल इतपत वागायला शिकवायचं. आणि संस्थेकडे वक्त्यासाठी खरंच पैसे असतील तर तालुक्यात समुपदेशनाचं काम करणारं कुणी शोधा, महिन्यातून दोनदा शाळेत येऊन बसेल असं.

पहिल्या दिवसाची सुरुवात कशी करावी? ओळखीचे खेळ, टाळ्यांचे प्रकार नकोत. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्या आणि सांगा, पंधराव्या वर्षी तुमच्या मनात होता पण कुणालाच विचारता आला नाही असा एक प्रश्न लिहा. नाव घालायचं नाही, निळ्या पेनानेच लिहायचं, म्हणजे कुणाची चिठ्ठी ते कळत नाही. गोळा करून एकेक वाचा. पाळीबद्दलचे प्रश्न असतात, वडिलांच्या पिण्याबद्दलचे असतात, एखाद्या मुलीला लिहून ठेवलेल्या आणि कधीच न दिलेल्या चिठ्ठीचा असतो, 'मी दिसायला वाईट आहे का' हा तर हमखास असतो. त्या चिठ्ठ्या वाचल्या जात असताना स्टाफरूममध्ये रोज एकमेकांच्या टिफिनमधलं खाणारी माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. 'आजकालची मुलं' हा शब्दप्रयोग त्यानंतर दिवसभर फारसा ऐकू येत नाही.

मोबाइलचं सत्र दुपारी घ्या आणि त्यात मुलांना नावं ठेवू नका. शिक्षकांनी स्वतःच्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात आलेला एक फॉरवर्ड निवडायचा आणि तो खरा की खोटा हे शोधायचं. मूळ कुणी सांगितलं, कधी, इतर कुठे छापून आलंय का, फोटो असेल तर तो गूगलवर उलटा शोधून आधी कुठे वापरलाय का. युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवल्याचा मेसेज अजून फिरतो; युनेस्कोने असं काहीही ठरवलेलं नाही. तो ग्रुपवर टाकणारे कधी कधी मुख्याध्यापकच असतात, तेव्हा तुम्ही जरा जपून. चिकित्सक विचार शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. याच ओघात पैशांचं घ्या: यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणार आहेत. शाळा सुटल्यावर घरच्या दुकानात बसणारी मुलं तुमच्याकडे असतील, त्यांना खोट्या पेमेंटच्या स्क्रीनशॉटचे किस्से शिक्षकांपेक्षा जास्त माहीत असतात. त्यांनाच बोलू द्या. चॅटजीपीटीबद्दल भाषण देण्यापेक्षा त्याला आपल्या गावाची माहिती विचारा आणि त्यातल्या चुका वर्गाला शोधायला लावा.

वेगळी तासिका कुठून आणायची, हा प्रश्न गणिताचे सर विचारतीलच. बऱ्याचदा तिची गरज नसते. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सामाजिक आरोग्य' हा अख्खा पाठ आहे. ताण, व्यसनं, मोबाइलचा अतिवापर, सायबर गुन्हे सगळं त्यात आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो 'दोन-तीन मार्कांचा, वाचून घ्या' म्हणून सोडून दिला जातो. त्याच पुस्तकातल्या प्रजननाच्या भागाचंही तेच होतं. प्रशिक्षणात विज्ञानाच्या शिक्षकाला सगळ्यांसमोर तो भाग शिकवायला लावा, बाकीच्यांनी दहावीची मुलं व्हायचं आणि मुलं विचारतात ते प्रश्न विचारायचे. पहिली पाच मिनिटं अवघड जातात. ती मोठ्यांसमोर गेलेली बरी.

एक सत्र कायद्याचं लागतं, आणि तिथे मी कुणालाही सूट देत नाही. मूल एकटं गाठून म्हणतं, "सर, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं." आपण पटकन म्हणतो, "नाही सांगणार." हे वचन द्यायचं नाही. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२; त्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या माणसाने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. संस्थेचा प्रमुख असाल तर शिक्षा आणखी जास्त. तेव्हा वाक्य असं हवं: "तुला त्रास होईल असं मी काही करणार नाही, पण तुला जपायचं असेल तर एखाद-दुसऱ्या माणसाला सांगावं लागेल, आणि कुणाला सांगतोय ते तुला आधी कळेल." हे वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. चाइल्डलाइन १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे आकडे स्टाफरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत आणि मुलांच्या डायरीत.

तुमच्याकडे तक्रारपेटी असेलच. बहुतेक शाळांतल्या पेटीला धूळ असते आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नसतं. पेटी कोण, कोणत्या वारी, कुणासमोर उघडणार हे प्रशिक्षणातच ठरवून टाका. प्रत्येक चिठ्ठीला परिपाठात नाव न घेता उत्तर मिळायला हवं, 'स्वच्छतागृहाला कडी नाही' या चिठ्ठीलासुद्धा. किंबहुना त्यालाच आधी. कडी बसली की मग दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्या यायला लागतात.

आणि हातात छडी असेल, नापासांची नावं मोठ्याने वाचली जात असतील, मुलांना 'ढ' वगैरे नावांनी हाक मारली जात असेल, तर समानुभूतीच्या तासाला मुलं मनातल्या मनात हसतात. हा मुद्दा मुख्याध्यापकांनी स्वतः बोलायचा, पाहुण्याच्या तोंडी घालायचा नाही.

राहता राहिले दोन दिवस. सलग घेऊ नका. पहिला पूर्ण दिवस दिवाळीनंतर घ्या. मग पाच-सहा आठवडे प्रत्येकाने आपल्याच विषयाच्या एखाद्या तासाला हे वापरून बघायचं, एका सहकाऱ्याने मागच्या बाकावर बसायचं. त्याने फक्त दोन गोष्टी टिपायच्या: बोलणारी मुलं किती आणि तीच तीच आहेत का, आणि मुलाच्या उत्तरानंतर शिक्षकाचं पहिलं वाक्य कोणतं. शेरा लिहायचा नाही, गुण द्यायचे नाहीत, प्रपत्र तर मुळीच नको. दुसरा दिवस स्नेहसंमेलन उरकल्यावर आणि दहावीच्या सराव परीक्षेआधी ठेवा. त्या दिवशी नवीन काही शिकवायचं नाही, टिपून आणलेली वाक्यं फळ्यावर लिहायची आणि त्यांवर बोलायचं. दोन-तीन जण तोपर्यंत काहीच करणार नाहीत, हे धरूनच चाला. त्यांना नोटीस काढू नका. दुसऱ्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं काम द्या, ते आवडतं त्यांना.