कंट्रोल रूममधली हवा आधी समजून घे

अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूममधलं पॅनेल शिकशीलच, आधी या खोलीत हवा कुठून येते ते बघ. बाहेर किरणोत्सर्ग वाढला की हवा हेपा फिल्टर (अगदी बारीक कण अडवणारी गाळणी) आणि सक्रिय कोळशातून आत घेऊन खोलीचा दाब बहुतेक ठिकाणी किंचित जास्त ठेवतात. कोळसा आयोडीन धरतो. झेनॉन, क्रिप्टॉन मात्र निसटतात. क्लोरीन गळला तर बाहेरची हवा बंदच करायची, इथे गल्लत नको. मला खरी काळजी दारांच्या सीलची आणि केबलच्या भोकांची वाटते. फिल्टर चुकवून हवा तिथूनच शिरते, म्हणून ट्रेसर वायूची चाचणी (खुणेचा वायू वापरून अशी गळती मोजणं) कधी झाली ते विचार. फिल्टरजवळ रंगकाम दिसलं तर लगेच कळव, त्या वाफांनी कोळसा निकामी होतो. श्वसनसंच 2 मिनिटांत चढवायचा सराव कर. चष्मा असेल तर मास्कमध्ये बसणारी भिंगं आजच मागून घे.