आईबाबा पासवर्ड वहीत लिहून ठेवतात. त्यांना पासवर्ड मॅनेजर वापरायला लावू का?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्याच घरातलं कपाट डोळ्यांपुढे आलं. तुम्ही लिहिलंय की आईबाबा सत्तरीच्या पुढचे आहेत आणि सगळे पासवर्ड एका वहीत लिहून ठेवतात. त्यांना पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डामागे कुलपात ठेवणारं ॲप, घ्यायला लावायचं का, की सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवणं जास्त धोक्याचं, असं तुम्हाला विचारायचंय.

वही राहू द्या. फक्त एकदा ती उघडून आत काय लिहिलंय ते बघा.

आम्ही बडोद्याचे, घर दांडिया बाजारात. मी लोकांचे संगणक सांभाळतो. रावपुऱ्यातल्या दोन-तीन दुकानांचेही माझ्याकडेच आहेत. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवायचं आणि घरी काय चाललंय ते बघायचंच नाही, असला प्रकार. दोन वर्षांपूर्वी बाबांचं नेटबँकिंग लॉक झालं तेव्हा त्यांनी गोदरेजच्या कपाटातून एक जुनी डायरी काढली. एका पानावर वरपासून खालपर्यंत ओळी: कमाटीबाग@१, त्यावर काट. कमाटीबाग@२, काट. असं करत करत कमाटीबाग@१७. (लिहिलेलं अर्थात इंग्रजी अक्षरांत.) बँकेची साइट दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावायची आणि बाबा इमानेइतबारे एक आकडा पुढे सरकायचे. पुढच्या पानावर ईमेल: कमाटीबाग@१२. गॅसचं बुकिंग, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, सगळीकडे तीच बाग.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "नियम पाळलाय, बघ."

आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं, नियमच चुकीचा होता. ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात कॅपिटल अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, हे सगळं अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३च्या मार्गदर्शिकेमुळे जगभर रुजलं. तो भाग लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये एका मुलाखतीत आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. त्याच वर्षी एनआयएसटीनेही नियम फिरवला: पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, उगाच नाही. कारण माणसं काय करतात? जे बाबांनी केलं तेच.

आता धोका नेमका कुठून येतो ते बघा. तुमच्या आईबाबांची वही चोरायला कुणी जिना चढून येत नाही. कुठल्यातरी लांबच्या साइटची यादी फुटते. लिंक्डइनची २०१२ मध्ये फुटली. सुरुवातीला ६५ लाख पासवर्डांचंच कळलं होतं, २०१६ मध्ये ११.७ कोटी खात्यांची यादी विकायला निघाली. अशी यादी हाती आली की ईमेल-पासवर्डच्या त्याच जोड्या प्रोग्रामकरवी इतर शेकडो साइटवर लावून बघतात. जिथे कुलूप उघडेल तिथे आत. त्यात कुणी तुमच्यावर डूख धरून बसलेलं नसतं, तुमचं नाव यादीत आहे एवढंच. तुमचा ईमेल अशा यादीत आहे का ते 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने ती २०१३ मध्ये सुरू केली. माझा जुना पत्ता टाकला तर सात ठिकाणी सापडला. दोन साइट तर मी कधी वापरल्या होत्या तेही आठवेना.

तेव्हा एकच पासवर्ड सगळीकडे, हे खरं दुखणं. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड असेल तर तो वहीत लिहा नाहीतर मॅनेजरमध्ये ठेवा, निम्मं काम झालं.

मग मॅनेजर कशाला? माझ्यापुरतं सांगतो. गेल्या वर्षी ऑफिसातून परतताना मोबाइलवर मेसेज आला, मेलबॉक्स भरलाय, लॉगिन करा. दमलेलो होतो, दाबलं. पान हुबेहूब आपलं रोजचं. पासवर्डच्या चौकटीत बोट ठेवलं, पण माझा मॅनेजर, बिटवर्डन नावाचं ॲप, एरवी आपण होऊन पासवर्ड पुढे करतं ते गप्प. चरफडलो, ॲप बिघडलं म्हणून पुन्हा उघडलं. तरी गप्प. मग कुठे वरच्या पत्त्याकडे लक्ष गेलं: 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं चिकटून बसली होती. छोट्या पडद्यावर ती 'एम'च दिसतात. माझे डोळे फसले, ॲप फसलं नाही, कारण ते पानाचं रूप बघतच नाही, पत्ता अक्षरन् अक्षर जुळवतं. वही हे करू शकत नाही.

जुडग्याची तुमची शंका मात्र रास्त आहे. लास्टपास या मॅनेजर बनवणाऱ्या कंपनीकडून २०२२ मध्ये चोरांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांच्या फाइलींच्या, प्रतीच उचलल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, म्हणजे मुख्य पासवर्डाशिवाय वाचता न येणारे, पण कोणाचं कुठल्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड तकलादू, त्यांची तिजोरी चोर आपल्या घरी बसून निवांत फोडत राहू शकतो. सारं काही त्या एका मुख्य पासवर्डवर येऊन थांबतं.

तो कसा करायचा? स्वतःच्या डोक्यातून काढू नका, तिथून बागा आणि जन्मसालंच निघतात. अभंगाची पहिली ओळही नको, ती दुसऱ्यालाही पाठ असते. डाइसवेअर नावाची १९९५ सालची साधी युक्ती आहे: पाच वेळा फासा टाका, येणाऱ्या पाच आकड्यांसमोरचा शब्द यादीतून घ्या. यादीत ७,७७६ शब्द असतात, त्यामुळे चार शब्दांतच ३,६०० लाख कोटींहून जास्त शक्यता होतात. मुख्य पासवर्डाला मी पाच शब्द घ्यायला सांगतो. आम्ही नातीच्या लुडोचा फासा घेऊन बसलो. इंग्रजी यादी बाबांना रुचेना, म्हणून घरातला जाडजूड मराठी शब्दकोश काढला, फाशाने पान ठरवलं, फाशानेच ओळ, आणि शब्द रोमन अक्षरांत लिहिले. आलेले शब्द सांगणार नाही, पण त्यातला एक इतका विनोदी होता की आई अजून हसते. विसरणं शक्य नाही.

कुठलं ॲप घ्यायचं, तर बिटवर्डन फुकट मिळतं आणि त्याचा मूळ प्रोग्राम कुणालाही तपासता येतो. इंटरनेटवर काहीच ठेवायचं नसेल तर किपासएक्ससी, त्यात सगळं तुमच्याच संगणकावरच्या एका फाइलमध्ये राहतं. मात्र ती फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा, डिस्क गेली की सगळंच जातं. आईबाबा फक्त मोबाइल वापरत असतील तर फोनमधला गुगलचा किंवा ॲपलचा मॅनेजरही चालेल. कुठलं उत्तम यावर वाद घालण्यात लोक महिने घालवतात आणि तोवर बाग हिरवीगार.

एका दिवसात सगळं बदलायला बसू नका, म्हातारी माणसं वैतागतात. आधी ईमेल. बाकी बहुतेक खात्यांचे पासवर्ड 'विसरलो' म्हटलं की नवीन लिंक ईमेलवरच येते, म्हणून तो गेला की सगळं गेलं. त्याला नवा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डाशिवाय आणखी एक खूण, जसा मोबाइलवरचा कोड) द्या. मग बँक. मग व्हॉट्सॲप: सेटिंग्जमध्ये अकाउंट, तिथे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन. आमच्या शेजारच्या काकूंनी 'चुकून तुमच्याकडे गेलेला' व्हॉट्सॲपचा लॉगिन कोड कुणालातरी सांगितला आणि त्यांच्या नावाने अख्ख्या भिशीच्या ग्रुपकडे पैसे मागितले गेले. पिन असता तर नुसत्या कोडने काम भागलं नसतं. त्यांचे यजमान आधी म्हणायचे, "चालशे", म्हणजे चालेल. आता माझ्याकडे स्वतःहून फोन घेऊन येतात. खात्यातून पैसेच गेले तर मात्र पासवर्ड बदलत बसू नका, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

तर आमच्याकडे आता असं आहे: आई मॅनेजर वापरते, बाबांनी साफ नकार दिला. त्यांच्यासाठी नवी वही आणली. प्रत्येक खात्याला फाशाने काढलेले वेगळे शब्द, वही कपाटात, किल्ली आईकडे. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन वहीत नाही, तेवढे ते लक्षात ठेवतात. आईचा मुख्य पासवर्डही एका बंद पाकिटात त्याच कपाटात आहे, उद्या कुणी आजारी पडलं तर असावा म्हणून. जुनी डायरी मी फाडायला निघालो तर बाबांनी हातातून काढून घेतली. सतराव्या कमाटीबागेखाली अठरावी लिहिणार होते म्हणे, आणि मी मध्ये आलो.