फोटोच्या पाठीवर

अगं पोरी,

तुझं पत्र आणि चाळीस फोटो मिळाले. फोटो चांगले आहेत हे तुलाही ठाऊक आहे, त्यावर शाई दवडत नाही. ‘काका, फोटो काढत राहू की ते सोडून इतिहासाची पदवी घेऊ?’ असं विचारतेस. मला या प्रश्नाचाच राग आला. ही दोन कामं वेगळी आहेत असं तुला सांगितलं कुणी?

चाळीसपैकी एकाही फोटोच्या पाठीवर तारीख नाही. वेळ नाही. कुठल्या बाजूने काढला ते नाही. एकावर तेवढं लिहिलंयस, ‘शिवकालीन लाल महाल’. बाई गं! ती इमारत महापालिकेने बांधली, 1988 साली पुरी झाली. महाराज लहानपणी राहिले तो महाल केव्हाच गेला. पाठीवर चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरी बरी, असं म्हणवत नाही, कारण कोऱ्या पाठीचा हिसका मी खाल्लाय. सांगतो पुढे.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दरवेळी काळपट येतो म्हणून नवी लेन्स घ्यायला निघालीस. पैसे राहू देत. नावातच आहे की, तोंड दिल्लीकडे, उत्तरेला. डिसेंबरात त्याच्यावर समोरून ऊन पडतच नाही. मे-जूनमध्ये सकाळी लवकर जा, बुरुजांवर तिरपं ऊन येतं. तू वर्षभर तिथे खेटे घालतेयस. प्रत्येक फोटोमागे तारीख आणि वेळ लिहिली असतीस तर हे तुझं तुलाच दिसलं असतं.

आणि सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती! एवढ्या लांबून, एकच फोटो? दर्शनी भिंतीवर एक गेंडा कोरलाय, साखळीने जखडलेला, आणि त्याच्याशी झटणारे गोरे शिपाई. देवळाचं काम 1754 मध्ये सुरू झालं आणि 1770 पर्यंत चाललं. मधे 1757 ला प्लासी झाली. इंग्रजांनी बंगाल गिळला त्याचंच हे चित्र, असं जाणकार सांगतात. गोसाव्याने बांधलेल्या पुण्यातल्या देवळाच्या दारावर बंगालची बातमी! आत संस्कृतच्या जोडीला फारसी शिलालेखही आहे. तू गेंडा पाहिलास तरी का?

मंडईचे फोटो झकास, कबूल. पण ही इमारत 1886 ला उघडली, तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी, आणि आज तिला नाव त्यांचंच आहे. हे पाठीवर नको?

फोनात तारीख आपोआप असते म्हणशील. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की उडते ती. पाठीवर लिही. शिसपेन्सिलीने लिही, बॉलपेनचा वळ पुढून दिसतो.

माझ्याकडे पेठांमधल्या वाड्यांच्या निगेटिव्हांनी भरलेली ट्रंक आहे. बहुतेक वाडे आता पडले. मी बेफिकीर नव्हतो हं. कारकुनाचा पगार, एका रोलला छत्तीस फोटो, रविवार तेवढा हाताशी. उजेड जायच्या आत तीन वाडे उरकायचे, वही काढायला सवड कुठली? लक्षात राहील, असं वाटायचं. तुझ्या वयाला सगळं लक्षात राहतंच.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. त्यांचा वाडा मी टिपला होता, हे आईला पक्कं आठवत होतं. मी आलो तेव्हा ओट्यावर त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या म्हणे. मी चौकांचे अकरा फोटो मांडले. अकराही चौकांत तुळशीवृंदावन, कडेला हौद, वर लाकडी महिरपी. आजी भिंग घेऊन तासभर बघत होत्या. ‘हा जिना आमचा वाटतो,’ म्हणाल्या. थोड्या वेळाने दुसऱ्याच फोटोवर बोट ठेवलं. शेवटी एक घेऊन गेल्या. तो त्यांचाच होता की नाही, मला सांगता आलं नाही.

तेव्हापासून पाठ कोरी असलेला फोटो मी घरात ठेवत नाही. लोक विक्षिप्त म्हणतात, म्हणू देत. तुझे चाळीसही परत पाठवतोय. आठवेल तेवढं लिही, आठवत नसेल तिथे पुन्हा जा. गेंड्याचा जवळून काढ. रविवारी सकाळी ये, पदवीचं तेव्हा बोलू.

— काका