अमेरिकेतील कुटुंबे हरणाच्या शिकारीला जिव्हाळ्याची परंपरा का मानतात?

आपण विचारले आहे की, आपल्या मुलीचे सासर विस्कॉन्सिन राज्यात आहे, तेथे दर नोव्हेंबरमध्ये घरातील लहानथोर मंडळी हरणाच्या शिकारीला जातात, यंदा तिलाही नेणार आहेत, आणि एका निरुपद्रवी जनावराला मारण्यात घरच्या माणसांचा कसला जिव्हाळा आला, हे आपल्याला उमगत नाही. मी याच राज्यात सोळा वर्षे राहतो. बंदूक मी कधी हाती धरलेली नाही आणि मांसही खात नाही. परंतु एका सहकाऱ्याच्या कुटुंबाबरोबर चार हंगाम त्यांच्या रानातील घरी राहिलो आहे. हे उत्तर पाहुण्याचे आहे, एवढे ध्यानात ठेवून वाचावे.

प्रथम दिवसांचा हिशेब पाहावा, कारण परंपरेचे निम्मे रहस्य त्यात आहे. विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने शिकार करण्याची मुदत बरीच लांब असली, तरी बंदुकीचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा असतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो. त्याआधीच्या शनिवारी हंगाम उघडतो आणि नंतरच्या रविवारी मिटतो. शेजारच्या मिशिगनमध्ये बंदुकीचा हंगाम वार कोणताही असो, 15 नोव्हेंबरलाच सुरू होतो आणि तेथील अनेक शाळा त्या दिवशी सुट्टी देतात. पेनसिल्व्हेनियात 2018 पर्यंत हा मान थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारचा होता. 2019 मध्ये तो शनिवारवर नेला, तेव्हा जुन्या शिकाऱ्यांनी बरीच कुरकुर केली. मुंबईतला चाकरमानी गणपतीला गावी जाण्याची रजा मागतो, तेव्हा त्याला कारण विचारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. येथे त्या शनिवारची तीच स्थिती आहे. शिकागोत किंवा मिनियापोलिसमध्ये स्थायिक झालेला मुलगा नाताळला येईल की नाही, याची खात्री नसते. पण या शनिवारी तो येतो.

माझ्या सहकाऱ्याचे रानातील घर उत्तरेकडे आहे. एक मोठी खोली, लाकडाची शेगडी, भिंतीला टेकवलेल्या खाटा, आणि शुक्रवारी रात्री त्यात तीन पिढ्यांची अकरा माणसे. पहाटे चारला उठून, कपड्यांवर भडक नारिंगी जाकिटे चढवून, प्रत्येकजण अंधारातच आपापल्या मचाणाकडे निघतो, कारण सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढण्याची कायद्याने मुभा असते. मचाणांना नावे आहेत, आणि ती बहुतेक गेलेल्या माणसांची आहेत. ज्या ओकच्या झाडावर थोरल्या काकांनी तीस वर्षे दबा धरला, त्या झाडावर आज त्यांची नात बसते, तरी 'मी काकांच्या झाडावर जाते' असेच ती म्हणते. त्यांच्या घरात श्राद्धपक्ष नाही. पण मृतांची नावे वर्षातून नऊ दिवस इतक्या सहजपणे तोंडी येतात की, मला आमच्या घरचा पितृपंधरवडा आठवला.

आजोबा आणि नातू एका मचाणावर चार-चार तास बसतात आणि एक शब्दही बोलत नाहीत. वारा कोणीकडून येतो, ओकची फळे यंदा कोठे पडली आहेत, ओढ्याकाठच्या चिखलात कालची पावले कोणती आणि आजची कोणती, हे आजोबा बोटाने दाखवतात आणि नातू मान हलवतो. ही विद्या पुस्तकातून फारशी मिळत नाही. ती त्या विशिष्ट जमिनीची असते आणि त्या जमिनीवर आधी बसलेल्या माणसाकडूनच घ्यावी लागते. म्हणून ज्या घरात मधली पिढी शहरात गेली, तेथे ही परंपरा एका फटक्यात तुटते. दुपारी कधी चार माणसे ओळीने झाडोऱ्यातून चालत जातात आणि पुढे बसलेल्यांकडे हरणे काढून देतात. आपल्याकडे याला हाका म्हणत, फक्त येथे ढोल-डबे नसतात. रात्री जर्मन वसाहतवाल्यांनी आणलेला 'शीप्सहेड' नावाचा पत्त्यांचा डाव रंगतो. त्याचे नियम चार वर्षांत मला नीट कळलेले नाहीत.

हरीण पडले की खरे कौटुंबिक काम सुरू होते. रक्ताचा माग काढणे, तेथेच पोट फाडून आतडी बाहेर काढणे, शव बर्फावरून ओढत आणणे, टांगणे, सोलणे, तुकडे करून गोठवणे. एकट्याने हे सारे उरकणे जड जाते. कायद्यानेही ही सामूहिकता मान्य केली आहे. बंदुकीने गटात शिकार करताना साथीदार एकमेकांच्या आवाजाच्या किंवा हातवाऱ्याच्या टप्प्यात असतील, तर एकाच्या वाट्याच्या परवान्यावर दुसऱ्याने हरीण मारलेले चालते. फोनवरचा संपर्क मात्र त्यात धरत नाहीत. त्यामुळे 'हे हरीण कोणाचे' या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'घराचे' असे असते. पाठीच्या कण्यालगतचे मऊ मांस त्याच रात्री तव्यावर जाते, बाकीचे सॉसेज, वाळवलेल्या पट्ट्या आणि खिमा होऊन वर्षभर पुरते.

आता क्रौर्याविषयी. विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारासाठी केलेल्या बेसुमार शिकारीमुळे आणि जंगलतोडीमुळे अमेरिकेतील शुभ्रपुच्छ हरणे सुमारे पाच लाखांवर आली होती, असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या आसपास मानली जातात. चोरट्या शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला 1900 च्या लेसी कायद्याने लगाम घातला, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका व काडतुसे यांवरचा 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. म्हणजे येथील रानांची निगा बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्या पैशावर चालते. दुसरीकडे, विस्कॉन्सिनमधील लांडगे माणसाने 1960 पर्यंत संपवले होते. ते पुढे मिनेसोटातून परतले, परंतु दक्षिणेकडील शेतीच्या भागात हरणाला आवर घालणारा शिकारी प्राणी जवळजवळ नाही. हरणे वाढली की कोवळी रोपे फस्त होतात आणि जंगलाला नवी झाडे मिळत नाहीत. याच राज्याच्या विद्यापीठात 1933 साली शिकारयोग्य प्राण्यांच्या व्यवस्थापनाचे अध्यासन स्वीकारणाऱ्या आल्डो लिओपोल्ड यांनी 1940 च्या दशकात माद्यांचीही शिकार व्हावी असा आग्रह धरला, तेव्हा लोकांनी त्यांच्यावर सडकून टीका केली होती. हरणाविषयीची हळवी माया केवळ आपल्याकडेच आहे, असे समजू नये.

तरीही सगळे गोजिरे आहे, असे मी म्हणणार नाही. पहिल्या शिकारीनंतर मुलाच्या गालाला रक्त फासण्याची काही घरांतील चाल मला पाहवली नाही. शिंगांच्या टोकांची मोजदाद करून फुशारकी मारणारे लोक येथे भरपूर आहेत. 2017 साली राज्याने जाणत्या माणसाबरोबर शिकार करणाऱ्या मुलांसाठी असलेली दहा वर्षांची किमान वयोमर्यादा काढून टाकली. मूल जाणत्याच्या हाताच्या अंतरात असले पाहिजे, हा नियम कायम असला, तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाला जीव घेण्याचा अर्थ कळतो, हे मला पटत नाही. माझ्या सहकाऱ्याच्या घरात वयाची बारा वर्षे होईपर्यंत कोणी बंदूक धरत नाही. त्याआधी मुलांना फक्त माग काढण्याचे काम असते.

आपल्या मनातील अडखळण्याचे एक कारण आपल्या इतिहासातही आहे. महाराष्ट्रात शिकार म्हटले की संस्थानिक, साहेब आणि त्यांच्यामागे धावणारे हाकेवाले डोळ्यांसमोर येतात, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर हरणाची शिकार म्हणजे गुन्हाच. येथे वन्यप्राणी जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असतात आणि परवाना घेऊन कारखान्यातला कामगारही सार्वजनिक जंगलात शिकारीला जातो. त्याही आधीपासून येथे ओजिब्वे या मूळनिवासी लोकांची शिकारीची प्रथा चालत आली आहे. 1837 आणि 1842 च्या तहांनी राखून ठेवलेला त्यांचा हक्क 1983 मध्ये न्यायालयाने मान्य केला.

आपल्या मुलीपुरते सांगायचे, तर तिने बंदूक धरलीच पाहिजे असे कोणी म्हणणार नाही. धरायची असेल, तर 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते, अथवा जाणत्या शिकाऱ्याला चिकटून राहावे लागते. न धरताही रानात जाणार असेल, तर नारिंगी जाकीट आणि टोपी घातल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. या राज्यात 2002 पासून हरणांमध्ये मेंदू झिजवणारा एक असाध्य रोग आढळतो. तो माणसाला झाल्याचा पुरावा नाही, पण बाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे, म्हणून मारलेल्या हरणाच्या डोक्याची या रोगासाठी तपासणी करून घेतली का, हे विचारण्यात तिने संकोच करू नये. आणि ती मांस खात नसेल, तर डाळ-तांदूळ सोबत द्यावेत. मी पहिल्या वर्षी खिचडी केली होती. दुसऱ्या वर्षी आजोबांनीच फोन करून विचारले की, तो पिवळा भात मी पुन्हा आणणार आहे ना.